तिसऱ्या डब्यातल्या दोघी

जाकार्ताजवळच्या चितायामच्या फलाटावर, छपराच्या तिसऱ्या खांबाशी उभं राहिलं की तिसऱ्या डब्याचं मधलं दार बरोबर समोर येऊन थांबायचं. दार म्हणजे दाराची जागा. कधीकाळी तिथे खरीखुरी दारं होती, हवेचा फुसकारा सोडून मिटायची आणि उघडायची. पण एकदा ती उघडी राहिली ती राहिलीच, आणि ती पुन्हा मिटावीत असा हट्टही कुणी धरला नाही. रुकोया रोज पहाटे त्या खांबाशी उभी असायची. डोक्याला घट्ट ओढणी, काखेत घडीचं स्टूल, पिशवीत डबा आणि शिंप्याची कात्री. गाडी पुरती थांबायच्या आत आतून पाक बोजोंगचा हात बाहेर यायचा आणि रुकोया आत ओढली जायची.

पाक बोजोंग हे काही त्या गृहस्थांचं नाव नव्हतं. ते कुठल्याशा कचेरीत कारकून होते आणि बोजोंगला गाडीत चढत, म्हणून पाक बोजोंग. तिसऱ्या डब्यात माणसाला नाव नसायचं, स्टेशन असायचं. पुरुष असेल तर आधी पाक लावायचं, बाई असेल तर बू. रुकोया चितायामला चढते म्हणून बू चितायाम, लेंतेंगला चढणारी ती बू लेंतेंग. हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडलंही नाही. नाव विचारलं की मागून गाव येतं, गावामागून नवरा येतो, नवऱ्यामागून त्याचा पगार येतो, आणि बघता बघता घरचं सगळं लटांबर डब्यात चढून बसतं. आधीच पाय ठेवायला जागा नाही! "गाडीतलं गाडीत," असं पाक बोजोंग म्हणत, आणि सगळे माना डोलावत.

रुकोया पहिल्यांदा या गाडीत बसली तेव्हा गाडी तरुण होती आणि रुकोयाही. जपानहून जहाजात घालून आणलेल्या लोखंडी गाड्या त्या. समोरासमोर लांबच लांब बाकं, त्यांवर हिरवंगार रेक्झिन, धरायला लोंबती कडी, छताला पंखे, आणि काय सांगावं, पंखे फिरायचेसुद्धा. नवऱ्यानं तिला जाकार्ता दाखवायला आणलं होतं. तो बिचारा खिडकीबाहेर बोट दाखवून इमारती मोजत होता आणि ही बाकावर हात फिरवत बसली होती. इतकी सरळ टीप घालणारा शिंपी कोण असेल, हा विचार तिच्या मनातून जाईना. पुढे तो नवरा ताप येऊन गेला. पदरात इमास ही एवढीशी पोर. रुकोया पासार बारूच्या बाजारात विजारी आखूड करायला आणि चेनी बदलायला मशीनवर बसली, आणि ती गाडी तिच्या रोजच्या जगण्यात आली.

मग गाडीचं एकेक जायला लागलं. आधी पंखे थांबले, जाळ्या तेवढ्या उरल्या. मग दारं. रुळांकडेची टवाळ पोरं दगड मारत म्हणून चालकाच्या काचेपुढे लोखंडी जाळी बसली. उतारूंच्या फुटल्या काचांना मात्र कुणी विचारलं नाही. आत जागा पुरेना तशी माणसं छपरावर बसायला लागली. वरच्या तारेतली वीज कुणाची भीड ठेवत नाही. एखादा जळून पडायचा, डबाभर हळहळ व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी छपरावर पुन्हा तेवढीच गर्दी. म्हातारी गाडी सगळ्यांना पाठीवर घेऊन कण्हत, कुथत, पण जायची.

बाकांवरचं रेक्झिन फाटून लोंबायला लागलं, तेव्हा रुकोयानं एक दिवस कात्री काढली आणि लोंबणारा तुकडा सरळ कापून घेतला.

"चोरी करतेस?" बू लेंतेंगनं विचारलं होतं. तोवर दोघींची ओळख नुसती हसण्यापुरती होती.

"कचरा उचलतेय."

"मग माझ्यापुरताही उचल की. एकटीच काय म्हणून?"

त्या तुकड्यातून रुकोयानं दोन स्टुलांना बसकणी शिवल्या, दुहेरी टीप घालून, कडेला दोरी ओवून. एक तिची, एक बू लेंतेंगची. तेव्हापासून दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसत.

बसायची जागाही बू लेंतेंगनंच शोधलेली. ही गाडी सुटताना एकदम सुटत नसे. चालक मूठ एकेक खाच पुढे ढकली तसा एकेक हिसका बसे, आणि सगळा डबा एका बाजूला झुकून पुन्हा सरळ होई. सुटताना न पेलणारी वीज डब्याखालच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये जळून जायची आणि त्या पट्ट्या तापायच्या. मधल्या दाराच्या उजव्या हाताला जमिनीचा एक तुकडा त्यामुळे कायम ऊन असायचा. बाकीचे तिथे उभे राहायला कंटाळत. बू लेंतेंगचे गुडघे धरलेले होते. ती स्टूल त्या तुकड्यावर मांडायची, वहाणा काढायची, तळवे जमिनीला टेकवायची आणि डोळे मिटून म्हणायची, "माझा वैद्य इथे खाली राहतो, गं. फुकट शेकतो."

थोराड बाई. हनुवटीवर तीळ, हसणं असं की पुढच्या डब्यातले लोक वळून बघत. कपडे मात्र नेहमी कडक इस्त्रीचे. अशा गाडीत, जिथे उतरताना माणसाचा बोळा होतो, तिथे हिची बाही मोडायची नाही. शिंपीण असल्यामुळे रुकोयाचं लक्ष आधी तिथे गेलं, आणि मग तिच्या अंगठ्यावरच्या भाजल्याच्या खुणांकडे.

"नातवाच्या दुधाच्या बाटल्या उकळते ना," बू लेंतेंग म्हणाली. "मुलीकडे, चिकिनीला. मोठं घर आहे तिचं. मी गेल्याशिवाय पोरं तोंडात घास घेत नाहीत."

रोज नवी गोष्ट. धाकट्या नातवानं माशांच्या टाकीत साबण टाकला, थोरलीला पियानो शिकवायला मास्तर येतो, जावई विमा कंपनीत, त्याला भात कोरडा लागतो. डबाभर लोक ऐकत. पण सगळ्यांची आवडती गोष्ट एकच, आणि ती बू लेंतेंगला पुन्हा पुन्हा सांगायला लावत.

"माझी पोरगी माझ्याशी भांडून गेली होती," ती सुरुवात करायची. "कितीतरी ईदी तोंड पाहिलं नाही. शेवटी एका ईदेला मी ओपोर शिजवला. नारळाचं दूध दाट काढलं, कोंबडी चांगली मुरवली. पातेलं फडक्यात बांधलं आणि जाऊन तिच्या पायरीवर बसले. दार नाही वाजवलं."

"का नाही वाजवलं?" हे पाक बोजोंगनं विचारायचं, तसं ठरलेलंच होतं.

"दार वाजवलं की मागायला आल्यासारखं होतं, पाक. आईनं मागू नये. आईनं नुसतं बसावं. बसले. दुपार झाली. आणि दार उघडलं! माझी पोर उभी. म्हणते काय, 'आई, रस्सा गार झाला असेल. आत ये.'"

इथे ती डोळे पुसायची आणि हसायची, दोन्ही एकदम.

ही गोष्ट रुकोयाला मात्र काट्यासारखी रुतायची. कारण तिची इमासही अशीच गेली होती. पळून जाऊन लग्न केलं, आणि कुणाशी? तर गाड्यांमधून उकुलेलेची छोटी गिटार वाजवत गाणाऱ्या दादांगशी. पोटाला चिमटा घेऊन शिकवलेली पोर! "तुझ्या दाराचं तोंड बघणार नाही," असं रुकोया बोलून गेली आणि मग त्या बोलण्याला चिकटून बसली. दादांग तिसऱ्या डब्यातही यायचा. तो आला की रुकोया मान वळवून खिडकीकडे बघायची. गाण्यानं हिचे दात ठणकतात, अशी डब्यात समजूत होती. खरं काय ते तिनं एकट्या बू लेंतेंगला सांगितलं होतं.

आणि ती बाई काय करायची? दादांग आला की त्याच्या पिशवीत नाणं टाकायची आणि खणखणीत आवाजात विचारायची, "काय रे, घरी सगळं ठीक?"

"ठीक, बू."

"बायको कशी आहे?"

"बरी आहे, बू. बाळाला जरा खोकला आहे."

"आलं-मध द्या म्हणावं! आणि तिची आई येते की नाही बघायला?"

दादांग रुकोयाच्या पाठीकडे बघून हळूच म्हणायचा, "नाही, बू."

"दगड दिसते बाई!" बू लेंतेंग म्हणायची आणि कोपरानं रुकोयाच्या बरगडीत ढोसायची. रुकोयाला तिचा राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी दादांग कधी येतो याची वाटही ती बघायची. नातवाला दात आले, नातू चालायला लागला, हे सगळं तिला असं कळलं, पाठमोऱ्या कानांनी.

मग गाड्या बंद होणार अशी बातमी आली. आता फक्त थंड हवेच्या, दारं मिटणाऱ्या गाड्या धावणार. नव्या म्हणायच्या, पण त्याही जपानात वापरून झालेल्या, दारावर अजून तिकडची अक्षरं. त्यात जमिनीवर बसायचं नाही, स्टूल न्यायचं नाही, फेरीवाले नाहीत, गाणारे नाहीत. फलाटांवरची दुकानंही उठली. दादांगच्या पोटावर पाय आला.

"आता तरी जा," बू लेंतेंग म्हणाली. "रोज्यांआधी सगळे एकमेकांची माफी मागतात. तूही जा."

"मी माफी मागू? मी?"

"नको मागू. पातेलं घेऊन बस नुसती. माझं काय झालं ते सांगितलंय ना?"

"तुझी पोर गुणाची आहे. माझीनं नाही उघडलं तर?"

बू लेंतेंग जरा वेळ गप्प बसली. ती गप्प बसलेली रुकोयानं तेव्हा पहिल्यांदाच पाहिली. मग तळवे जमिनीवर घासत ती म्हणाली, "उघडेल गं. आधी बसून तर बघ. आणि मला येऊन सांग. मला ऐकायचंय."

रोजे सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी रुकोया पातेलं घेऊन देपोकला गेली. रुळांच्या कडेला इमासची खोली. पायरीवर बसली. दार वाजवायचं नाही म्हणून नाही वाजवलं. ऊन चढलं, मुंग्या आल्या, शेजारीण दोनदा येऊन बघून गेली. शेवटी दार उघडलं ते दादांगनं, बनियनवर, डोळे चोळत.

"बू? कधीपासून बसलाय? वाजवायचं नाही का, आम्ही झोपलो होतो!"

त्याच्या मागून इमास आली. आईच्या मांडीवरचं पातेलं उचलून तिनं बाजूला ठेवलं आणि तिथे आपलं डोकं ठेवलं.

सोमवारी रुकोया खांबाशी कितीतरी आधी येऊन उभी राहिली. हे कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं. लेंतेंग काय, थोड्याच स्टेशनांवर! लेंतेंग आलं. त्या दारातून माणसं चढली, बू लेंतेंग चढली नाही. मंगळवारीही नाही. मग रोजे लागले. गुडघे धरले असतील, नातवंडं आजारी असतील, असं सगळे म्हणाले. फोन करावा तर नंबर कुणाकडेच नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाला फोन कोण करतं?

"शेवटच्या दिवशी येईल," पाक बोजोंग म्हणाले. "गाडीला निरोप दिल्याशिवाय राहायची नाही ती."

शेवटचा दिवस रोज्यांतच आला, त्यामुळे डब्यात खाणंपिणं नाही. कुणी गाडीच्या तोंडाला फुलांचा हार घातला होता. पोरं फोटो काढत होती. पाक बोजोंगनं सगळ्यांना खजूर वाटले, संध्याकाळी रोजा सोडताना खा म्हणून. दादांगही आला आणि त्यानं शेवटचं गाणं म्हटलं. रुकोयानं मान वळवली नाही, पण ते बघायला बू लेंतेंग नव्हती. रुकोयानं तो ऊन तुकडा लेंतेंगपर्यंत मोकळा धरला. लोक ओरडत होते, "अहो बू, सरका की!" ती सरकली नाही. लेंतेंग आलं आणि गेलं. मग एक जाडा माणूस तिथे उभा राहिला, आणि रुकोयाला भर गर्दीत रडू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून नवी गाडी. ती हिसका देत नाही, लोण्यावरून सुरी फिरावी तशी सुटते. दारं तिसऱ्या खांबासमोर येत नाहीत. डब्यातले लोक कुठल्या कुठे पांगले. कधी गर्दीत पाक बोजोंग दिसत, लांबून हात करत. पण रुकोयाचं काम राहिलं होतं. दार उघडलं, एवढं एका माणसाला सांगायचं होतं.

सुट्टीच्या दिवशी ती लेंतेंगला उतरली. कुणाला विचारणार आणि काय? नाव माहीत नाही. वाण्याच्या दुकानात जाऊन म्हणाली, "इथे एक बाई राहतात. हनुवटीवर तीळ. मुलगी चिकिनीला मोठ्या घरात, जावई विमा कंपनीत, दोन नातवंडं, थोरली पियानो शिकते."

"चिकिनीला मोठं घर असताना बाई इथे कशाला राहील?" वाणी म्हणाला. "तिथेच नाही का राहणार?"

इतक्या वर्षांत रुकोयाला हा प्रश्नच सुचला नव्हता.

मशिदीत विचारलं, भाजीवालीला विचारलं. मुलगी मोठ्या घरात असलेली अशी बाई कुणालाच ठाऊक नव्हती. पुढच्या सुट्टीला ती पुन्हा गेली. गल्ल्या पालथ्या घालून थकून परत फिरली, तर रुळांजवळच्या भाड्याच्या खोल्यांच्या ओळीपुढे एक बाई सुपात तांदूळ निवडत बसलेली दिसली. बुडाखाली घडीचं स्टूल. त्यावर हिरवं रेक्झिन, दुहेरी टीप, कडेला दोरी.

"हे स्टूल कुणाचं?" रुकोयानं विचारलं.

"माझं. का हो?"

"तुमचं नाही. ही टीप माझी आहे."

बाईनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. ती त्या खोल्यांची मालकीण होती. "म्बोक पिनाचं होतं ते, पिनाबाईचं," ती म्हणाली. "तुम्ही तिच्या कोण?"

"गाडीतली."

"गेली हो ती. रोज्यांच्या तोंडावर. न्हाणीत पडली ती उठलीच नाही. आम्ही गल्लीतल्यांनीच माती दिली."

रुकोया तिथेच जमिनीवर बसली. तिनं विचारलं, "आणि तिची मुलगी? चिकिनीची?"

"चिकिनीला कुठली मुलगी? चिकिनीला ती धुणं आणि इस्त्री करायला जायची, एका मोठ्या घरी. मुलगी बेकासीला आहे. फोन केला मी. तिनं उचलला, ऐकलं आणि ठेवून दिला."

"पण मुलीनं तर दार उघडलं होतं," रुकोया म्हणाली. "ईदेच्या दिवशी. ही ओपोर घेऊन गेली होती."

"दर ईदेला जायची. एकदा मीही गेले होते सोबत. पायरीवर बसून राहते बाई, दुपार टळेपर्यंत! पडदा हलायचा, पण दार नाही कधी उघडलं. मग पातेलं घेऊन परत यायची आणि आम्हाला सगळ्यांना वाढायची." मालकीण ओढणीच्या टोकानं डोळे टिपायला लागली. "चांगला करायची हो ओपोर. परत आलेला असायचा, पण आम्ही ईदेला त्याचीच वाट बघायचो."

आपल्याला दार उघडून मिळालं ते कुणाच्या सांगण्यावर? जिचं कधीच उघडलं नाही तिच्या. 'माझं काय झालं ते सांगितलंय ना?' म्हणाली होती आणि मग गप्प बसली होती. त्या गप्प बसण्याचा अर्थ रुकोयाला आत्ता, लेंतेंगच्या गल्लीत लागला. बू लेंतेंगनं आपल्याला फसवलं असं तिच्या मनात एकदाही आलं नाही. तिला फक्त वाटलं, हिच्या बरगडीत कुणी ढोसलं नाही कधी, हिच्यासाठी कुणी हिच्या मुलीची विचारपूस केली नाही.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी रुकोया स्वतः ओपोरचं पातेलं घेऊन बेकासीला गेली, मालकिणीनं सांगितलेल्या खुणांनी. निळं फाटक, पायरी. तिनं बू लेंतेंगची रीत मोडली, दार वाजवलं. "तुझ्या आईचा चाळिसावा आहे पुढच्या आठवड्यात," तिनं बंद दाराला सांगितलं. "लेंतेंगला. ये." पडदा हलला. दुपार टळली. मग ती पातेलं उचलून परत आली, आणि तो सगळा प्रकार तिनं इमासला सांगितला. इमास ऐकता ऐकता आईचे पाय दाबत बसली.

चाळिसाव्याला तहलीलचा, मेलेल्यासाठी सगळ्यांनी मिळून म्हणायच्या प्रार्थनेचा, घाट रुकोयानंच घातला. मालकिणीनं अंगण झाडून चटया घातल्या. रुकोयानं नव्या गाडीत फिरून फिरून तिसऱ्या डब्यातली जी माणसं सापडली त्यांना सांगितलं होतं, आणि खरंच, संध्याकाळच्या नमाजानंतर माणसं आली. पाक बोजोंग काळी टोपी घालून आले. दादांग फाटकाशी चपला नीट लावत बसला होता. "बू लेंतेंग याला रोज नाणं द्यायची," पाक बोजोंग बाकीच्यांना म्हणाले. "पोरानं आठवण ठेवली बघा." आत चुलीवर ओपोर उकळत होता. इमास ओढणी सारखी करून पाहुण्यांना चहा देत होती. मरणाच्या घरी पाहुण्यांना सामोरं जायला घरचं बाईमाणूस लागतं, आणि इथे दुसरं कोण होतं? फाटकाकडे रुकोया सारखी बघत होती. बेकासीहून कुणी आलं नाही.

प्रार्थना सांगायला आलेल्या उस्तादांनी विचारलं, "नाव?"

"सुपिना," मालकीण म्हणाली.

रुकोयानं ते नाव मनात दोनदा म्हणून पाहिलं. ते तिला कुणा दुसऱ्याच बाईचं वाटलं.

"बिंती? वडिलांचं नाव?"

कुणालाच माहीत नव्हतं. डावा गुडघा जास्त दुखतो की उजवा, हे डबाभर लोकांना माहीत होतं. बापाचं नाव नाही. रुकोयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हरकत नाही," उस्ताद म्हणाले. "शेवटी सगळ्यांची आई एकच. सुपिना बिंती हव्वा म्हणू."

प्रार्थना झाली. इमास जेवणाचे डबे वाटायला लागली. पाक बोजोंगनं डबा घेता घेता तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तू चिकिनीची ना? बू लेंतेंगची मुलगी?"

मालकिणीनं बोलायला तोंड उघडलं. रुकोयाच्या हातातला पळा तसाच राहिला. एक शब्द, आणि बू लेंतेंगची सगळी नातवंडं, मोठं घर, पियानो आणि ते उघडलेलं दार, सगळं या चटईवर मोडून पडणार होतं.

इमासनं आईकडे पाहिलं.

"हो, पाक," ती म्हणाली.

"तुझी गोष्ट आम्हाला सगळ्यांना पाठ आहे गं! आई पातेलं घेऊन पायरीवर बसली होती."

"हो, पाक." इमास अजून आईकडेच बघत होती. "दार उघडायला मी फार उशीर केला."

"असू दे, असू दे. उघडलंस ना? आई काय सुखानं सांगायची ते! एक दिवस चुकवला नाही."

रुकोया आत गेली. चुलीपाशी ते हिरवं स्टूल होतं, त्यावर बसली. चुलीजवळची जमीन ऊन होती. तिनं वहाणा काढल्या, तळवे टेकवले आणि ओढणीचा बोळा तोंडात धरून पोटभर रडली. बाहेर इमास डबे वाटत होती, आणि पाक बोजोंग शेजारच्याला सांगत होते, "बघितलंत? हनुवटी अगदी आईची आहे."